तुमचे प्रश्न : फिलाडेल्फियाला नातवंडांना घेऊन जाताना

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं नाशिकचे. मुलगा-सून न्यू जर्सीत एडिसनला असतात. मे महिन्यात त्यांच्याकडे जायचं ठरलंय. नात नऊ वर्षांची, नातू पाच वर्षांचा. मुलाच्या मनात आहे की एका शनिवारी सगळ्यांनी फिलाडेल्फियाला जाऊन यावं, अमेरिकेचा जन्म झाला ते शहर म्हणून. सून म्हणते, मुलांना इतिहासात रस नाही, दुपारपर्यंत रडारड सुरू होईल. यांचे गुडघे दुखतात. आणि खरं सांगू का, मला मनातून वाटतं की त्या शहराशी आपला संबंध काय? तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात आणि लेकीकडे तिथे राहूनही आलात, असं मागच्या अंकात वाचलं. जावं का? गेलो तर काय बघावं? — एक आजी, नाशिक

उत्तर : जा. नक्की जा. पण मुलाला सांगा, एका दिवसात चार ठिकाणांच्या वर एकही धरायचं नाही.

हे मी अनुभवानं सांगते. माझी लेक तिथे होती तेव्हा मी पहिल्यांदा गेले. नातू आठ वर्षांचा, नात चार वर्षांची. मी रात्री बसून वहीत तासातासाचा कार्यक्रम लिहिला होता. सहा ठिकाणं केली. जुलैचा महिना होता. फिलाडेल्फियाचा उन्हाळा मुंबईसारखा चिकट असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन वाजता धाकटी बापाच्या खांद्यावर झोपून गेली. घरी आल्यावर नातवाला विचारलं, “काय आवडलं?” तो म्हणाला, “खार.” इंडिपेंडन्स हॉल, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला ती इमारत, तिच्या मागच्या बागेत झाडावर एक खार होती, तेवढीच त्याच्या लक्षात राहिली. तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला ते उत्तर फार लागलं. रात्रभर विचार केला आणि चूक कळली. मी त्याला सगळं दाखवलं होतं, पण कुठेच थांबू दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, फक्त लिबर्टी बेल, म्हणजे स्वातंत्र्याची घंटा, बघायला.

ही घंटा सहाव्या रस्त्यावर काचेच्या एका लांबट इमारतीत आहे. तिकीट नाही, फक्त सुरक्षा तपासणी होते, म्हणून मोठ्या पिशव्या नेऊ नका. घंटेचं वजन साधारण ९४० किलो. १७५२ मध्ये लंडनहून ओतून आली आणि इथे वाजवून बघतानाच तडकली. मग पास आणि स्टो नावाच्या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून नव्यानं ओतली. त्यांची नावं घंटेच्या अंगावर आहेत. नातवाला मी काहीच सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, “घंटेवर काय लिहिलंय ते वाचून दाखव, माझा चष्मा घरी राहिलाय.” तो अक्षर अक्षर लावत गेला आणि एकदम थबकला. “आजी, पेन्सिल्व्हेनियाचं स्पेलिंग चुकलंय! एक ‘एन’ कमी आहे!” खरोखरच कमी आहे. त्या काळी असंही लिहायचे, ती चूक मानत नसत. पण ज्या मुलाच्या वहीत स्पेलिंगला दर आठवड्याला लाल खुणा व्हायच्या, त्याला देशाच्या सगळ्यात मानाच्या वस्तूवर एक अक्षर कमी दिसलं होतं! पाऊण तास आम्ही तिथून हललो नाही.

तुमच्या नातीला फटीकडे नीट बघायला सांगा. लांबून दिसते ती रुंद फट म्हणजे तडा नव्हे, ती दुरुस्ती आहे. १८४६ मध्ये कारागिरांनी मूळ बारीक चीर मुद्दाम कानस घालून रुंद केली, म्हणजे दोन कडा एकमेकींवर घासून खरखर व्हायला नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्मदिवसासाठी घंटा वाजवली आणि फटीच्या वरच्या टोकापासून नवी, केसासारखी चीर वर चढत गेली. तिनं घंटा कायमची मुकी झाली. ही बारीक चीर शोधून काढायची, हे मुलांना काम द्या. काम दिलं की मुलं कंटाळत नाहीत.

घंटेवर बायबलातलं वचन आहे : देशभर, सर्व रहिवाशांसाठी स्वातंत्र्य घोषित करा. माझ्या नातवानं ते वाचून विचारलं, “सर्व म्हणजे कोण कोण?” नऊ वर्षांची मुलगीही हेच विचारेल, आणि तिथे उत्तर टाळू नका अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. कारण उत्तर दाराबाहेरच आहे. घंटेच्या इमारतीला लागूनच, बाजार रस्त्याच्या म्हणजे मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, राष्ट्राध्यक्षांचं घर होतं. १७९० ते १८०० ही दहा वर्षं फिलाडेल्फिया राजधानी होती आणि त्यातली १७९७ पर्यंतची वर्षं वॉशिंग्टन या घरात राहत. आता घर नाही, जमिनीखालचा पाया काचेतून दिसतो. त्या घरात वॉशिंग्टननी गुलाम माणसं ठेवली होती, एकूण नऊ. पेन्सिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून सहा महिने भरायच्या आत या माणसांना राज्याबाहेर नेऊन परत आणायचे. त्यातली ओनी जज नावाची तरुण मुलगी १७९६ च्या मे महिन्यात, घरातली माणसं जेवायला बसली असताना, दारातून बाहेर पडली आणि जहाजानं उत्तरेला न्यू हॅम्पशायरला गेली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, ती आली नाही. १८४८ मध्ये वारली, तोपर्यंत कायद्याच्या नजरेत ती गुलामच होती.

नातवानं हे ऐकलं आणि पुन्हा आत जाऊन ते वाक्य वाचून आला. मी काही बोलले नाही. पुढे गाडीत त्याला सांगितलं की या घंटेला ‘लिबर्टी बेल’ हे नाव स्वातंत्र्ययुद्धात मिळालेलं नाही. १८३० नंतरच्या काळात गुलामगिरी बंद करा म्हणून झगडणाऱ्या लोकांनी ते वाक्य उचललं आणि त्यांनीच हे नाव रूढ केलं. आणि हेही सांगितलं की आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तिकडच्या गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. तुम्ही विचारता, आपला काय संबंध. पुण्यात बसून जोतीरावांना तो संबंध दिसला होता.

आता त्याहून जवळचा संबंध सांगते.

आनंदीबाई जोशी या शहरात डॉक्टर झाल्या. एप्रिल १८८३ मध्ये अठराव्या वर्षी कलकत्त्याहून जहाजात बसल्या, नवरा बरोबर नाही, नातेवाईक नाहीत, आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. थिओडिसिया कारपेंटर नावाच्या बाईंनी त्यांना घरी नेलं. हे घर होतं न्यू जर्सीतल्या रोझेलला! तुमच्या मुलाच्या एडिसनहून रोझेल गाडीनं अगदी जवळ आहे. ओळखदेख नसताना, नुसत्या पत्रांवरून या बाईंनी आनंदीबाईंना लेकीसारखं सांभाळलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तिथून त्या फिलाडेल्फियाला आल्या, पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. १८५० मध्ये, बायकांना जवळपास कुठेच डॉक्टरकी शिकू देत नव्हते तेव्हा, हे कॉलेज फक्त बायकांसाठी निघालं होतं. ११ मार्च १८८६ ला त्यांना पदवी मिळाली, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. आधी एखाद्या दिवशी रोझेलला गाडीनं चक्कर मारा आणि नातीला सांगा की तुझ्यापेक्षा नऊच वर्षांनी मोठी एक कल्याणची मुलगी या गावात उतरली होती.

कॉलेजची जागा बघायला म्हणून मात्र मुलांना नेऊ नका. ते उत्तर भागात नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवर होतं, १९३० मध्ये दुसरीकडे हललं आणि पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात सामील झालं. जुने कागद आणि फोटो ड्रेक्सेलच्या संग्रहात आहेत. त्यातला एक फोटो फोनवर घेऊन ठेवा : १८८५ सालचा, तीन विद्यार्थिनींचा. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या पोशाखातल्या सीरियाच्या सबात इस्लामबूली. मी तो फोटो नातीला दाखवला तो फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधल्या मोठ्या हृदयापाशी. विज्ञानाच्या या संग्रहालयात दोन मजली उंचीचं मानवी हृदय आहे, १९५४ पासून. आत जिना आहे. मुलं रक्तासारखी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातात, भोवती धडधड ऐकू येत असते. चार वर्षांची नात बाहेर आली आणि म्हणाली, “पुन्हा.” पाच वेळा गेली. मग बाकावर बसून मी तिला म्हटलं, या साडीतल्या बाई हे सगळं शिकायला इथे आल्या होत्या. ती फोटो धरून बसली. वर्षभरानंतर फोनवर मला विचारत होती, “साडीवाल्या डॉक्टर आता कुठे आहेत?” आनंदीबाई परत येऊन २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा कारपेंटर बाईंकडे पाठवली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. मी नातीला एवढंच सांगितलं, की त्या आपल्या मावशीजवळ आहेत.

हृदयाचा जिना अरुंद आहे, काकांना आत पाठवू नका. हे संग्रहालय जुन्या गावापासून दूर आहे आणि तिकीटही चांगलंच महाग. एका शनिवारात ते आणि घंटा दोन्ही कोंबू नका. मला निवडायला सांगाल तर दोन फेऱ्या करा, पहिली जुन्या गावाची, दुसरी हृदयाची. तुम्ही चार-पाच महिने असालच.

पहिल्या फेरीचं सांगते. एडिसनहून गाडीनं साधारण शंभर किलोमीटर. व्हिजिटर सेंटरच्या खालीच पार्किंग आहे. ट्रेननं जायचं तर ट्रेंटनला गाडी बदलून जेफरसन स्टेशनला उतरायचं. आधी व्हिजिटर सेंटरमध्ये मुलांना बाथरूमला नेऊन आणा, पुढे तपासणीच्या आत गेल्यावर पंचाईत होते. तिथेच ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा. कोडी सोडवून दिली की रेंजर, म्हणजे तिथले सरकारी मार्गदर्शक, मुलांना हात वर करून शपथ घ्यायला लावतात आणि बिल्ला देतात. माझ्या नातवाच्या दप्तराला तो बिल्ला दोन वर्षं होता.

इंडिपेंडन्स हॉलला प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट घ्यावं लागतं. ऑनलाइन घेतलं तर माणशी एक डॉलर आरक्षणाचा. सकाळची पहिली वेळ घ्या. फेरी अर्ध्या तासाच्या आत संपते, त्यामुळे पाच वर्षांचा नातूही टिकेल. ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही त्याच एका दालनात मंजूर झाली. दालन आपल्या शाळेच्या हॉलपेक्षा मोठं नाही. हिरव्या कापडाची टेबलं, आणि समोर वॉशिंग्टनची खुर्ची. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. घटनेवर सह्या होत असताना म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते की हा सूर्य उगवतोय की मावळतोय ते मला इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. रेंजरनं सांगायच्या आधी मुलांना विचारून ठेवा, तुम्हाला काय वाटतं? माझ्या दोघांचं यावरून भांडण झालं होतं आणि आत शिरल्यावर दोघंही टाचा वर करून सूर्य बघत होती.

मग मागच्या बागेत झाडाखाली बाकावर निवांत बसा. काकांचे गुडघे मोकळे होतील, मुलं पळतील, खारही दिसेल. ८ जुलै १७७६ ला जाहीरनामा लोकांना पहिल्यांदा मोठ्यानं वाचून दाखवला तो याच अंगणात.

दुपारनंतर मुलांच्या पायात जोर असेल तर एल्फ्रेथ्स ॲली. दोन भिंतींमधली एवढीशी गल्ली, ३२ घरं, १७०० नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत बांधलेली, आणि अजून त्यात माणसं राहतात, म्हणून खिडक्यांतून डोकावू देऊ नका. तुम्ही नाशिकच्या, सराफ बाजारातले वाडे तुम्हाला आठवतील. तिथे वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर छोटे आरसे लावलेले दिसतात. दारात कोण आलंय ते खाली न उतरता बघायची ती सोय, आपण जाळीच्या खिडकीआडून बघायचो तशी. आणि जुन्या घरांच्या भिंतींवर चार हात एकमेकांत गुंफलेली पाटी शोधायला सांगा. फ्रँकलिन आणि त्यांच्या मित्रांनी १७५२ मध्ये आगीच्या विम्याची संस्था काढली, तिची ती खूण. कोणाला जास्त पाट्या सापडतात, एवढ्यावर आमच्या मुलांनी सगळं जुनं गाव न कुरकुरता पायी केलं. गल्लीत दगडी फरसबंदी आहे, तेवढी काकांनी जपून.

बेट्सी रॉसचं घर राहिलं तर राहू द्या. अमेरिकेचा पहिला झेंडा तिनं शिवला याला त्या काळातला कागदोपत्री पुरावा नाही.

प्रश्न : आम्ही डॅलसला राहतो, पूर्ण शाकाहारी. दोन लहान मुलं. फिलाडेल्फियात म्हणे सगळीकडे मांसाचे सँडविच. मुलांच्या जेवणाचं काय करू? — एक आई

उत्तर : चीजस्टेक हे तिथलं प्रसिद्ध खाणं गोमांसाचं असतं, ते सोडून द्या. तुम्ही रीडिंग टर्मिनल मार्केटला जा. १८९३ पासूनची मंडई आहे, जुन्या रेल्वे स्टेशनच्या पोटात. आपल्या महात्मा फुले मंडईत शिरल्यावर जसं चहूबाजूंनी अंगावर येतं तसंच. पेन्सिल्व्हेनिया डच म्हणवणारी, पण मूळची जर्मन मंडळी, त्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या, जुन्या धार्मिक रीतीनं राहणाऱ्या ॲमिश बायका, हातानं वळून गरम प्रेट्झेल करतात. मुलांना ते वळणं बघायला उभं करा. पीठ लाटून, दोरी करून, पीळ देऊन, एका क्षणात. शेजारी १८६१ पासूनचं बॅसेट्सचं आइस्क्रीम. फळं, पाव, चीज सगळं मिळतं. ही डच मंडळी रविवारी दुकान लावत नाहीत, म्हणून आठवड्यातला दिवस बघून जा. दोन चौकांवर चायनाटाऊन आहे, तिथे शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. तरीही धपाटी आणि दाण्याची चटणी डब्यात असू द्या. भुकेलेल्या मुलाला रांगेत उभं करणं, हे प्रवासातलं सगळ्यात मोठं दुःख आहे.

आणि कलासंग्रहालयाला वेळ काढा. बाहेर ७२ पायऱ्या आहेत, मुलं त्या धावत चढतातच. आत मदुराईच्या देवळाचा अख्खा खांबांचा मंडप उभा आहे, सोळाव्या शतकातला. फिलाडेल्फियाच्या एका बाईंनी १९१२ मध्ये मदुराईत तो विकत घेतला आणि त्यांच्या घरच्यांनी पुढे संग्रहालयाला दिला. मी तिथे शिरले आणि नकळत चपला काढायला वाकले. नातवानं विचारलं, “हे देऊळ इथे कसं?” त्याचं उत्तर सोपं नाही, ते तुमच्या मुलांशी तुम्हीच बोला.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. आम्ही उन्हाळ्यात काकाकडे अमेरिकेला जाणार आहोत आणि तो आम्हाला लिबर्टी बेल दाखवणार आहे. पण ती वाजत नाही तर मग तिचा आवाज कसा होता हे कोणाला कसं माहीत? — एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : फार चांगला प्रश्न. घंटा जोरात वाजवत नाहीत, पण हलकेच टकटक मात्र अनेकदा केली आहे. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या महापौरांनी हातोडीनं तिच्यावर ठोके दिले आणि ते रेडिओवरून देशभर ऐकवले. तिचा सूर पाश्चात्त्य पद्धतीत ‘ई फ्लॅट’ सांगतात. तुमच्या घरी किंवा शाळेत पेटी असेल तर ‘काळी दोन’ दाब, तोच सूर.

आणि तिथे गेलास की एक कर. इंडिपेंडन्स हॉलच्या मनोऱ्यात १८७६ मध्ये, देशाला शंभर वर्षं झाली तेव्हा, दुसरी घंटा बसवली आहे. तिचं वजन १३,००० पौंड, पहिल्या तेरा राज्यांचे प्रत्येकी हजार. ती तासाचे टोले देते. बारा वाजायला पाच मिनिटं असताना मागच्या बागेत जाऊन उभा राहा. आम्ही तसेच उभे होतो. सातव्या-आठव्या टोल्याला धाकटीनं कानांवरचे हात काढले आणि माझ्याबरोबर मोजायला लागली.